गड्डम बाईंचा तिसरा परिच्छेद

पद्मा गड्डम गेल्याचा फोन आला, त्या वेळी मी विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहीत होतो. फोन मल्लिनाथचा होता. विद्यापीठातल्या नेमणुका, रजा, बदल्या पाहणाऱ्या आस्थापना विभागात तो बाईंच्या हाताखाली लिपिक म्हणून लागला आणि त्यांच्याच हाताखाली शहाणा झाला. "सर, बाई गेल्या," एवढे म्हणून तो फोन धरून राहिला. केव्हातरी त्याने फोन ठेवला असावा. समोर अर्धे वाक्य लिहून झाले होते. प्रसूती रजा नाकारल्या गेलेल्या एका कंत्राटी अध्यापिकेसंबंधीचे ते पत्र होते. मी ते वाक्य पूर्ण केले. खाली सही केली, पाकिटावर पत्ता घातला, पोस्टात जाऊन पत्र नोंदणीने पाठवले आणि पावती घेऊन घरी आलो. पत्नीने विचारले, मघाशी कोणाचा फोन होता... मी सांगितले. ती होती तिथेच खाली बसली. मी पावती फाइलीला लावली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मला ओळखणाऱ्यांना वाटते की मी संतापलो असेन. कारण या शहरात माझी ओळख आहे ती एक विधी महाविद्यालयातला निवृत्त अध्यापक म्हणून कमी आणि संतापून पत्रे लिहिणारा म्हातारा म्हणून जास्त. पण त्या दिवसापासून मला नीट संतापताही आलेले नाही.

संतापण्याजोगे कारण मिळाले नाही असे नव्हे. विद्यापीठाने शोकसंदेशाचे परिपत्रक काढले, त्यात बाईंच्या नावाखाली 'अधीक्षक', आणि त्यापुढे कंसात 'अधिसंख्य' असे छापले होते. ज्यांचा कार्यालयांशी संबंध येत नाही अशा वाचकांसाठी सांगतो : मंजूर पदांच्या संख्येबाहेर, केवळ एका व्यक्तीसाठी निर्माण केलेले आणि ती व्यक्ती गेली की आपोआप संपणारे जे पद, त्याला अधिसंख्य पद म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने शब्द अचूक आहे. परंतु ज्या बाईने त्या कार्यालयात आयुष्य काढले, तिच्या मृत्यूच्या सूचनेतही ती मोजणीच्या बाहेरची होती हे नोंदवण्याची कोणती प्रशासकीय निकड होती? पूर्वी मी यावर चार पाने लिहिली असती. कागद पुढे घेतला, 'विषय' असा शब्द लिहिला, आणि बराच वेळ त्यापुढे काही सुचेना. तो कागद अजून टेबलावरच आहे.

आमची ओळख भांडणातून झाली. मी त्या काळी कर्मचारी संघटनेचा मानद विधी सल्लागार होतो आणि एका माळ्याच्या नाकारलेल्या रजेविषयी सविस्तर निवेदन पाठवले होते. त्यात नियम होते, पोटनियम होते, आणि शेवटी न्यायालयाची धमकीही होती. उत्तर आले नाही म्हणून मी स्वतः आस्थापना विभागात गेलो. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, ठेंगण्या, अंबाड्यात अबोली माळलेल्या एक बाई टेबलामागे बसल्या होत्या. मी नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमचंच का ते पत्र? लई भारी लिहिलंय की. दोनदा वाचलं मी. पण सर, त्या माळ्याला रजा कवापासून पायजे, तेवढं लिहायचं राहिलंय बघा." तारीख खरोखरच राहिली होती. रजा मंजूर झाली. पुढे कित्येक वर्षे हा क्रम चालला, की मी पत्र पाठवायचे, त्यांनी कार्यालयीन भाषेत नकार द्यायचा, आणि त्याच दुपारी फोन करून कोणत्या नियमाखाली पुन्हा मागणी करावी हे मला सांगायचे.

गड्डम बाई शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या. वडील यंत्रमागावर चादरी विणत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू, आणि अक्कलकोटकडची मावशी असल्यामुळे कन्नडही येत असे. 'मनुष्यबळ' हा शब्द विद्यापीठात पाटीवर आला तो फार पुढे, आणि आला तोही पाटीपुरताच. त्याआधी आणि त्यानंतरही कर्मचाऱ्यांसाठी त्या खात्यात जे काही माणसासारखे होते ते या एका बाईंच्या पद्धतीत होते. पद्धत अशी : बदली, निलंबन, रजा नामंजुरी, सेवासमाप्ती, असा कोणताही जिव्हारी लागणारा आदेश त्या शिपायाच्या हाती पाठवीत नसत. ज्याचा आदेश त्याला बोलावून घेत. टेबलासमोर उभे न करता आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवीत. चहा सांगत. मग तो कागद, त्या माणसाच्या घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात, सावकाश वाचून दाखवीत. कठीण शब्द आला की थांबून समजावीत. माणूस रडला तर रडू देत. शेवटी प्रत मिळाल्याची सही घेत. मी हे अनेकदा पाहिले आहे. एकदा न राहवून म्हणालो होतो, "बाई, खाटकाच्या दुकानात तुम्ही परिचारिका म्हणून लागला आहात." त्यांनी डोळे वर न करता विचारले, "आणि तुमी? दुकानाबाहेर उभं राहून ओरडायला?" अख्खा विभाग हसला होता.

त्यांना साखरेचा विकार तरुणपणापासून होता. तो आधी डोळ्यांत उतरला. संगणकावरची अक्षरे मोठी होत गेली. मग एका वेळी पडद्यावर एकच शब्द मावू लागला. मग मल्लिनाथ शेजारी बसून वाचू लागला. हैदराबादला जाऊन इंजेक्शने घेतली, उपयोग झाला नाही. अखेर प्रशासनाने त्यांना वैद्यकीय मंडळाकडे पाठवले आणि मंडळाने कळवले की या कर्मचारी सध्याच्या कर्तव्यांसाठी कायमच्या अक्षम आहेत. त्यानंतर व्हायचे ते झाले. त्यांना रुग्णतेच्या कारणास्तव सेवानिवृत्त करण्याचा आदेश निघाला. तो त्यांच्याच विभागात तयार झाला, आणि त्यांना द्यायचे काम मल्लिनाथकडे आले.

बाईंनी मला बोलावून घेतले होते, म्हणून मी त्या वेळी तिथे होतो. मल्लिनाथने त्यांच्याच रीतीने सगळे केले. शेजारी खुर्ची ठेवली, चहा मागवला आणि वाचायला लागला. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्याच्या मध्यावर बाईंनी हात वर केला.

"थांब. हा मसुदा माझाच हाय की."

आणि तो त्यांचाच होता. कार्यालयांत अशा आदेशांचे ठरीव नमुने असतात. नाव आणि पदनाम बदलायचे, बाकी मजकूर तोच. नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा टंकलेखन यंत्रावरचा जुना नमुना त्यांनी संगणकात घेतला होता, त्याची ओबडधोबड भाषा नीट केली होती, आणि तेव्हापासून तो तसाच वापरात होता. आता त्याच शब्दांत, त्याच स्वल्पविरामांसह, तो त्यांच्यावर लागू झाला होता. मी तोंड उघडण्याच्या तयारीत होतो. कारण दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा कायदा स्पष्ट सांगतो की सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणालाही काढता येत नाही. त्याला झेपेल अशा दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून ठेवून घ्यावे लागते. पण बाईंनी मला बोलू दिले नाही. त्यांनी विचारले, "मल्लू, तिसरा परिच्छेद?" तो म्हणाला, "बाई, दोनच आहेत." त्या म्हणाल्या, "दोनच. व्हय... दोनच होते."

मग त्यांनी जे सांगितले ते मला प्रथम कळलेच नाही. तो कायदा त्यांना पाठ होता. त्याचे परिपत्रक सर्व विभागांना त्यांच्याच सहीने गेले होते. दुसऱ्या पदाची संधी देणारा परिच्छेद मसुद्यात घालायला हवा हेही त्यांना माहीत होते. फक्त तो घालायचा राहून गेला. परिपत्रक एका फाइलीत लागले, मसुदा दुसऱ्या फाइलीत राहिला, आणि दोन्ही फाइली त्यांच्याच कपाटात होत्या. कार्यालयात काम न केलेल्या माणसाला ही चूक अविश्वसनीय वाटेल. केलेल्याला वाटणार नाही.

"सर, या मसुद्यावर माझ्या आधी दोघं घरी गेलेत," त्या म्हणाल्या. "बाशा आणि कांबळे."

बाशा विद्यापीठाच्या गाडीचे चालक होते. मधुमेहाने त्यांचा पाय कापावा लागला. कांबळे ग्रंथालयात परिचर होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. दोघांनाही बाईंनी शेजारच्या खुर्चीवर बसवले होते, दोघांना चहा दिला होता, दोघांना आदेश वाचून दाखवला होता, आणि दोघांनीही कसलीही तक्रार न करता सही केली होती.

इथे आमचे खरे भांडण झाले. मी वकिली पद्धतीने विचार केला. बाईंचे प्रकरण ताजे होते, मुदतीत होते, निर्विवाद होते. त्यात दोन जुनी प्रकरणे मिसळली असती तर प्रशासनाला विलंबाचा मुद्दा मिळाला असता आणि तिघेही गेले असते. आधी बाई, मग ते दोघे, असा माझा क्रम होता. बाईंचा आग्रह होता की पत्र एकच जाईल आणि त्यात पहिली दोन नावे त्या दोघांची असतील. मी आवाज चढवला. मी म्हणालो की हा भाबडेपणा आहे आणि भाबडेपणाला कायद्यात दिलासा नाही. त्यांनी शांतपणे सांगितले, "मग माझं पत्रच पाठवू नका." आणि मल्लिनाथला म्हणाल्या, की संध्याकाळी बाशाच्या घरी जायचे आहे, रिक्षा बघ. मी रागाने निघालो होतो, पण पायऱ्यांपाशी थांबलो आणि त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो, ते सांगता येणार नाही.

बाशा दारातच बाजेवर बसलेले होते. बाईंना मल्लिनाथच्या खांद्याला धरून येताना पाहून त्यांनी आधी त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. त्यांच्या पत्नीने बाईंना आत नेऊन बसवले. बाईंनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितले, की तो आदेश चुकीचा होता, तुम्हाला काढता येत नव्हते, मला माहीत असायला हवे होते. त्या दख्खनीत बोलत होत्या, नेहमीसारख्याच सावकाश. बाशांनी सगळे ऐकून घेतले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते.

"तुम पढ के सुनाए बाई, इसलिए सही करा मैं," ते म्हणाले. "दुसरा कोई देता तो मुंह पे फेकता था."

त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. परतीच्या वाटेवर रिक्षात मी त्यांची समजूत काढण्याचा प्रयत्न केला, की चूक संस्थेची असते, व्यक्तीची नव्हे, उत्तरदायित्वाचे तत्त्व तसेच सांगते. त्यांनी ऐकले का, ते ठाऊक नाही. घराजवळ उतरताना एवढेच म्हणाल्या, "मी नीट वाचून दाखवलं नसतं तर ती माणसं तुमच्याकडं आली असती की, सर."

एखाद्या निर्दयी अधिकाऱ्याविरुद्ध मी काय लिहावे हे मला चांगले समजते. बाईंच्या त्या मायेपुढे प्रतिवाद कसा उभा करायचा, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

पत्र एकच गेले. पहिली दोन नावे बाशा आणि कांबळे यांची होती, तिसरे बाईंचे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कोरडे पत्र असेल, कारण मसुदा बाईंना वाचून दाखवावा लागे, आणि प्रत्येक जहाल वाक्यापाशी त्या म्हणत, "हे कुणासाठी हाय? कुलसचिवांसाठी का तुमच्यासाठी?" प्रशासनाने अपेक्षेप्रमाणे विलंबाचा मुद्दा काढला. सुनावणीला बोलावले, तिथे एका अधिकाऱ्याने बाईंना विचारले, की बाकीच्या दोन आदेशांचा मजकूर आपणच तयार केला होता ना? मी उठून हरकत घेणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "व्हय साहेब, मीच. म्हणूनच सांगतेय, तो चुकलाय." त्यानंतर त्या खोलीत विलंबाविषयी कोणी फारसे बोलले नाही. ज्याने आदेश लिहिला त्यानेच तो चुकीचा म्हणावा, आणि तेही स्वतःच्या प्रकरणाला बाध येईल याची फिकीर न करता, असा साक्षीदार मी त्याआधी पाहिला नव्हता.

निर्णय व्हायला बराच काळ गेला. बाई अधिसंख्य पदावर राहिल्या. कांबळे ग्रंथालयात परतले. डाव्या हाताने शिक्के मारायला शिकले, आणि आजही तिथेच आहेत. बाशांचे निवृत्तीचे वय तोवर उलटून गेले होते. त्यांना फक्त एक पत्र मिळाले, की पूर्वीचा आदेश नियमास धरून नव्हता. ते पत्र त्यांना पोस्टाने गेले. बाईंनी ते वाचून दाखवायला जाण्याचे टाळले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "आता त्यांचं ते वाचतील की. पोरगी शिकलेली हाय."

अधिसंख्य पद म्हणजे खुर्ची असते, पगार असतो, काम नसते. बाईंना जिन्याखालची एक खोली मिळाली. पहिले काही दिवस त्या नुसत्या बसून असत. मी भेटायला गेलो की त्या विचारीत, बाहेर ऊन किती आहे, चिंचेला बहर आला का. मग त्यांनी एक काम मागून घेतले : आस्थापना विभागातले सगळे ठरीव मसुदे कोणीतरी आपल्याला वाचून दाखवावेत, आणि जिथे नियम पुढे गेला नि मसुदा मागे राहिला तिथे दुरुस्ती सुचवू द्यावी. लेखी परवानगी मिळाली नाही. पण मल्लिनाथ रोज जेवणाच्या सुटीत येऊन वाचू लागला आणि त्याला कोणी अडवले नाही. रजेचे, बदलीचे, चौकशीचे, कंत्राट संपवण्याचे असे एकेक मसुदे त्यांनी ऐकले आणि सांगून दुरुस्त केले. रुग्णता निवृत्तीच्या मसुद्यात तिसरा परिच्छेद आला. तो कायद्याच्या भाषेत मी लिहून दिला होता. त्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे एक वाक्य घातले, आणि मी त्याला कडाडून विरोध केला. आदेशात सल्ला नसतो, असे माझे म्हणणे होते. असे वाक्य भारतातल्या कोणत्याही कार्यालयीन आदेशात नसेल. "नसंल," त्या म्हणाल्या. "पण राहू द्या." कुलसचिव बदलले होते. नव्या कुलसचिवांनी न वाचता सही केली असावी, असा माझा तर्क आहे.

पुढे विकार मूत्रपिंडात गेला. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, पूर्व भागात, दुपारी. शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते आणि त्यांच्या आवाजात बोलणे कठीण जात होते. मी सोबत एक लांबलचक पत्र नेले होते, ते मल्लिनाथने वाचायला घेतले. बाईंनी अर्ध्यावर थांबवले. म्हणाल्या, "सर, छोटी लिवा आता. वाचणाऱ्याचा घसा सुकतोय." मी म्हणालो, बघतो. बोलण्यासारखे बरेच होते... पण मागांचा आवाज थांबेना, आणि मी निघालो.

गेल्या आठवड्यात दुपारी एक अनोळखी बाई आमच्या दारात उभी होती. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते म्हणाली. अपघातानंतर एका कानाने अजिबात आणि दुसऱ्याने कमी ऐकू येते. हातात न उघडल्यासारखा घडी घातलेला कागद होता. रुग्णता निवृत्तीचा आदेश टपालाने आला होता, सोबत पोच म्हणून सही करून परत पाठवायची प्रत होती. तिने सही केली नव्हती. मी तिला बसायला सांगितले आणि माझ्याकडे कोणी पाठवले ते मोठ्याने विचारले. तिने मान हलवली. कोणी पाठवले नव्हते. कार्यालयात विचारले तेव्हा लोकांनी माझा पत्ता दिला होता. पण विचारलेच का, म्हणून मी पुन्हा विचारले, तेव्हा तिने घडी उलगडली आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"ह्यात लिवलंय की," ती म्हणाली.

मी वाचले. "या आदेशावर सही करण्याची घाई करू नये, आधी तो आपल्या विश्वासातील जाणकार माणसास दाखवावा." छपाई फिकट होती. मल्लिनाथने शाई बदलायला हवी होती.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठ वाचता यावेत म्हणून असेल. मग तिने विचारले, की असे कार्यालयाचा कागद कधी सांगत नाही, हे कोणी लिहिले असेल.

माझ्या पत्नीने आतून पाणी आणले. मी कागद टेबलावर सरळ केला, पेन उघडले, आणि तिला दिसेल अशा बेताने ओठ हलवून सांगितले, "आस्थापना विभागानं."